नावाकडे जायची वाट

"शेम हा-बाअल?"

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कोरडा, थकलेला, पण बिनरागाचा. दिवसभर दळून झाल्यावर जात्याची घरघर जशी बारीक होत जाते, तसा. "शेम हा-बाअल?" म्हणजे "नवऱ्याचं नाव?" टेबलापलीकडून त्या म्हाताऱ्या रावनं विचारलं. अलीकडे माझी आई दोन्ही खांद्यांवरून पदर ओढून बाकाच्या अगदी कडेला बसली होती, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी.

"हे," आई म्हणाली.

बाजूच्या कारकुनानं लिहायला घेतलं. हिब्रूत 'हे' नावाचं एक अक्षर आहे. त्यानं ते अक्षर काढलं, लेखणी कागदावर टेकवली आणि पुढच्या अक्षरांची वाट बघत राहिला.

"हे... आणि पुढे?"

आई गोंधळून माझ्याकडे वळली. "हे म्हणजे हे. सांग की गो त्यांना. तुझे बाबा."

मी बाबांचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर रावनं तळहात वर केला. "तू नाही, मुली. जिचं लग्न, तिच्या शब्दाला इथे वजन नाही. आईनं सांगायचं. आईच्या तोंडून."

धर्मखात्यातल्या विद्वानाला तिथे 'राव' म्हणतात. आईच्या कानाला तो शब्द घरचाच वाटायचा. ती त्याला रावसाहेब म्हणायची.

"रावसाहेब," ती मराठीतच म्हणाली, "ते मला नाय जमायचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

आम्ही बेने इस्रायल. अलिबागकडच्या खाड्यांवर, नारळीच्या वाड्यांत आमच्या पिढ्या गेल्या. तिथे आम्ही कोण हे कुणी विचारलं नाही. शनिवारी आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा बंद असायचा म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे, आणि तेवढ्यावर भागायचं. मग इस्रायल झालं, आणि ज्या देशाचं नाव प्रार्थनेत घेत आलो त्या देशात आम्ही बोटीनं, विमानानं आलो. त्यांनी आम्हाला नेगेवच्या वाळवंटातल्या एका नव्या गावात नेऊन सोडलं. गाव म्हणजे एका साच्यातून काढल्यासारखी घरं, पाण्याची एक टाकी आणि चारी बाजूंना वारा. तिथे पहिल्यांदा आम्हाला विचारलं गेलं, तुम्ही नक्की ज्यू ना?

मी लग्नाची झाले त्या सुमारास हुकूम निघाला होता. भारतातून आलेल्या मुलीचं लग्न आमच्या जमातीबाहेर ठरलं, तर आधी तिची आई, आजी, जमेल तिथवर मागचं सगळं तपासायचं. मध्ये कुणी परधर्मी आला का, कुणाची सोडचिठ्ठी रीतीनं झाली का, सगळं. माझं लग्न मोरिसशी ठरलं होतं. तो मोरोक्कोहून आलेल्या घरातला. सूतगिरणीत माझ्या शेजारच्या यंत्रावर काम करायचा, आणि धागा तुटला की स्वतःचं यंत्र सोडून माझा सांधायला यायचा. त्याच्या आईला मी पसंत होते. फक्त कागद हवा होता.

त्या दिवशी कागद मिळाला नाही. रावनं चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "आठवड्यानं या. कुणीतरी दुभाषी आणा. आणि तोवर आईला समजाव. हिचा नवरा जिवंत असेल तर कुठे आहे ते सांगा. वारला असेल तर तसं सांगा. सोडून गेला असेल तर तेही सांगा. यातल्या कशानंही तुझं लग्न अडत नाही. अडतं ते न सांगण्यात. न सांगितलं की मला शंका घ्यावी लागते, आणि शंकेवर मी शिक्का मारू शकत नाही."

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. ती पहाटे उठून शाळेच्या फरशा पुसून आली होती. तिच्या हातांना साबणाचा आणि फिनेलचा वास कायमचा लागला होता, कोथिंबीर चिरली तरी तो वास जात नसे. खिडकीतून वाळूचा लोट आत येत होता आणि ती डोळे मिटून घेत होती.

"एक शब्द, आई," मी म्हटलं. "तिथे जाऊन म्हणायचा आणि परत यायचं."

"सासूबायनी शिकवलं ते जिभेला चिकटून बसलंय. धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं."

"सासूबाय गेल्या. नागाव समुद्रापल्याड राहिलं. इथे बायका नवऱ्याला भर रस्त्यात नावानं हाका मारतात. ती समोरची पोलंडवाली ऐकतेस ना? 'अविग्दोर! कचऱ्याचा डबा!'"

आई डोळे मिटूनच हसली. "ऐकते. आणि तो येतोपण गो, मुकाट्यानं."

मला हसू आलं नाही. सकाळी कारकुनानं काढलेलं ते एकटं अक्षर मला दिसत होतं.

बाबा मुंबईत गिरणीत फिटर होते. यंत्राच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगायचे. इथे त्यांच्या हातात कुदळ दिली आणि वाळवंटात झाडं लावायला पाठवलं. संध्याकाळी घरी आले की ओट्यावर बसून तळहात बघत राहायचे. बोलत नसत. मग नागावहून निरोप आला, आजी अंथरुणाला खिळली. "तिच्याजवळ राहून येतो," असं म्हणून ते गेले. आजी गेली. बाबा आले नाहीत. आधी महिन्याला खुशालीचा निरोप यायचा, मग सणाला, मग तोही नाही. शेवटचा निरोप आणणाऱ्याशी आई दारातच बोलली; आत येऊन तिनं आम्हाला काही सांगितलं नाही. धाकट्या भावाला त्यांचा चेहराही आठवत नव्हता.

आई मात्र तशीच राहिली. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. काच तिथे मिळायची नाही. भारतातून कुणी आलं की ती आधी बांगड्या मागायची. फरशी पुसताना त्या फुटू नयेत म्हणून वर कोपरापर्यंत सरकवायची आणि त्यांच्यावर चिंधी बांधायची.

मी म्हटलं, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं, "ज्यानं आपल्याला टाकलं, त्याचं नाव एवढं जपतेस?"

आईनं डोळे उघडले. "टाकलं नाय."

"मग काय केलं?"

ती बाहेर बघत राहिली. उन्हात एक उंट उभा होता, कुणाचाच नसल्यासारखा.

"बस लय हालते गो," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मोरिसची आई आली. सोलिका तिचं नाव. देह आडवा, हातात पुदिन्याची जुडी, आणि दारात पाऊल टाकायच्या आधीपासून बोलणं सुरू. आईची हिब्रू मोडकी आणि तिची त्याहून मोडकी. पण मोडक्याला मोडकं बरोबर जुळायचं. दोघी हातवाऱ्यांनी, भांड्यांनी, भाजीच्या नावांनी बोलत. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. सोलिका स्टुलावर बसली आणि स्टूल कुरकुरलं.

"लेया," ती म्हणाली, "मी तुझ्या पोरीचे दात घोड्यासारखे तपासत नाही. देवाशप्पथ. आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा आमच्यावर त्यांनी पांढरी पूड फवारली होती. उवा असतील म्हणून. माझ्या लग्नाच्या झग्यावर. मी विसरले का? नाही विसरले. म्हणून मी तुला काही विचारत नाही. ते विचारतात. तू सांग आणि सुटून जा."

"सांगन," आई म्हणाली.

"कधी? पुढच्या महिन्यात सण. सण लागला की कित्येक आठवडे लग्नं बंद. मोरिसला एलातच्या बंदरावर काम मिळतंय, तो तिकडे गेला की गेला. पोरगं म्हणतं, आई, आम्ही सायप्रसला जाऊन लग्न करतो, तिथे रावचा कागद लागत नाही. सायप्रसला! चोरासारखं! मग मी कुणाच्या लग्नात नाचू?" तिनं पुदिना टेबलावर आपटला. "अश्दोदला माझ्या भावाची मुलगी आहे. नाकानं नकटी आहे, पण तिच्या आईला नवऱ्याचं नाव येतं."

मी पाण्याचा पेला घेऊन तिथेच थिजले. सोलिकानं माझ्याकडे पाहिलं आणि तिची तिलाच लाज वाटली असावी. तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला, तळवा उलगडला.

"नकटी मला नको," ती पुटपुटली. "मला ही हवी. हिच्या हाताला मेंदी कशी रंगेल बघ. तुमच्यात लावतात ना मेंदी? आमच्यातही लावतात. हे एक बरं झालं. तू एका हाताला लाव, मी दुसऱ्या. माझी थोरली बहीण येईल, पण ती लांब बसेल बिचारी. ती विधवा. विधवेनं नवरीच्या मेंदीला हात लावायचा नसतो. तुमच्यातही असंच ना?"

आईचा हात तव्यावर थांबला.

"आई, भाकरी," मी म्हटलं.

भाकरीची कड काळी पडली होती. आईनं ती उचलून बाजूला ठेवली. "आमच्यातबी असंच," ती म्हणाली आणि दुसरी थापायला घेतली.

सोलिका गेल्यावर मी सायमनकाकांकडे गेले. सायमन तळकर. मुंबईत गिरणीत बाबांच्या खात्यात होते, आमच्याआधी इथे आले होते, आणि हिब्रू अशी बोलायचे की टपालवाल्याशी भांडून जिंकत. पाण्याच्या टाकीवर रखवालदार होते. खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं.

"तुझ्या बापानं..." म्हणून ते थांबले. एक शेंग फोडली, दाणे मला दिले. "काय सांगू, मिलके. नागावात दुसरी चूल मांडली असेल. माणूस एकटा पडला की मांडतो. वहिनींना ते कळलं असेल, म्हणून नाव घेववत नसेल. तू आईवर रागावू नको."

"मी रागावले नाही, काका. दमलेय."

"दमलेयस ते दिसतंय." ते टरफलं झटकत उभे राहिले, आणि एकदम त्यांचे डोळे चमकले. "अगं, पण येडे आपण सगळे! नाव नुसतं घ्यायचं नाही ना? मग उखाण्यात घ्यायचं! आपल्याकडे बायका आयुष्यभर तेच तर करत आल्या. तुझी आई उखाण्यांची राणी होती. आवास गावच्या लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा एकापाठोपाठ एक असे उखाणे घेतले हिनं, की शेवटी नवरी म्हणाली, माझं लग्न आहे की हिचं?"

मी धावतच घरी आले. आई धाकट्याचा सदरा शिवत होती. मी सांगितलं. सायमनकाका दुभाषी म्हणून येतील, ती उखाणा घेईल, ते हिब्रूत सांगतील, कारकून लिहील. किती सोपं होतं! मी इतकी हसत होते की माझाच आवाज मला परका वाटला.

आईनं सुई सदऱ्यात खोचून ठेवली. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, दिवसभराचा शीण आहे.

"उखाण्यात?" ती म्हणाली.

"हो. त्यात चालतं ना?"

"त्यात चालतं," ती सावकाश म्हणाली. "चालायचं."

"मग?"

"बघू."

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा त्या बाकावर बसलो. आई नऊवारी नेसली होती, अंजिरी रंगाची. सायमनकाकांनी डोक्याला नवी टोपी घातली होती आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटी सोललेल्या बटाट्यासारखी दिसत होती. आमच्याआधी कुठलंसं जोडपं भांडत बाहेर पडलं. राव थकलेला होता. त्याच्या समोरच्या पेल्यातला चहा निवून त्यावर साय आली होती.

"बोला," तो म्हणाला. "शेम हा-बाअल?"

सायमनकाका पुढे सरसावले. "राव, आमच्या देशात बाई नवऱ्याचं नाव नुसतं घेत नाही. गाण्यात गुंफून घेते. परवानगी असेल तर ही तसं घेईल."

रावनं भुवया उंचावल्या. तो बगदादचा होता हे मला नंतर कळलं. "माझी आई वडिलांना 'अबू सालेह' म्हणायची," तो म्हणाला. "सालेहचा बाप. सालेह मी. मरेपर्यंत तिनं दुसरं काही म्हटलं नाही. म्हणू दे हिला गाण्यात."

सायमनकाकांनी आईकडे वळून डोळे मिचकावले. "चला वहिनी. समजा आवासला दारात उभ्या आहात. समोर हे दाढीवाले म्हणजे नवरीच्या आत्याबाई. सोडायच्या नाहीत."

कारकुनालाही काहीतरी गमतीचं होणार हे कळलं असावं. त्यानं लेखणी ठेवून हात बांधले.

आईनं पदर सारखा केला. घसा साफ केला. आणि त्या कचेरीत, लोखंडी कपाटांच्या आणि धुळीच्या वासात, माझ्या लहानपणचा तो आवाज उमटला. खालून वर चढणारा, शेवटच्या अक्षरावर हेलकावा घेणारा.

"खाडीच्या पाण्याला भरतीची ओढ,
नागावच्या शहाळ्याचं पाणी गोड,
शनवार तेल्याचा घाणा शनवारी उभा..."

आणि ती थांबली.

पुढची ओळ मला पाठ होती. बाबांचं नाव, मग 'रावांच्या जिवावर संसाराची शोभा'. किती लग्नांत मी ती ऐकली होती. ती ओळ आली की बायका हसायच्या, कुणीतरी आईला कोपरानं ढोसायचं, आणि पुरुषांत बसलेले बाबा टोपी काढून उगाच डोकं खाजवायचे. आत्ताही मी मनात ती म्हणून टाकली. पण आईचे ओठ उघडे राहिले आणि त्यातून काही आलं नाही.

सायमनकाका घाईघाईनं तेवढंच हिब्रूत सांगून मोकळे झाले. "खाडीचं पाणी भरतीकडे ओढ घेतं. नागावच्या नारळाचं पाणी गोड आहे. शब्बाथला तेल काढणाऱ्याचा घाणा उभा राहतो, म्हणजे थांबतो."

रावनं विचारलं, "यातलं नवऱ्याचं नाव कुठलं?"

"यात नाही, राव. ही नुसती नावाकडे जायची वाट आहे."

"लांब वाट आहे," राव म्हणाला. पण तो पुढे वाकला होता. "तेलाचा घाणा शब्बाथला थांबायचा? कुणी सांगितलं होतं त्यांना?"

"कुणी नाही. आमच्याकडे राव नव्हते, पोथ्या नव्हत्या. घाणा थांबवायचा एवढं माहीत होतं. गावं आम्हाला त्याच नावानं ओळखायची, शनवार तेली."

रावनं कारकुनाला खूण केली आणि तेवढं लिहून घ्यायला लावलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. पण त्यानं पुन्हा आईकडे पाहिलं.

"छान आहे. पण वाट पुरी कर, बाई."

"वहिनी," सायमनकाका हलकेच म्हणाले, "एकच ओळ राहिलीय."

आई मान हलवत राहिली. नाही. नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. "ती ओळ नाय म्हणता येत मला, भावजी."

"अहो, शंभर वेळा म्हटलीत की!"

"तेव्हा म्हटली."

"आई!" मी म्हटलं. मोरिसचे तेलकट हात, सोलिकाचा पुदिना, अश्दोदची ती नकटी मुलगी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. "आई, तू नाही म्हणालीस तर मी इथून कागदाशिवाय जाईन. मग तू घरी बसून तुझ्या नवऱ्याचं नाव जप जन्मभर. मी कुणाचं नाव घेऊ?"

सायमनकाकांनी ते रावला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. रडण्याला दुभाषी लागत नाही.

रावनं निवलेला चहा बाजूला सारला. मग तो बोलू लागला. आईशीच, जणू तिला सगळं कळत होतं. सायमनकाका वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेले.

"बाई, एकाचं नाव आम्हीही घेत नाही. प्रार्थनेत नाही, बाजारात नाही, भांडणात नाही. त्याला आम्ही 'हा-शेम' म्हणतो. त्याचा अर्थ काय? 'ते नाव'. बस्स, एवढंच. आणि कागदावर लिहायची वेळ आली तर एक 'हे' काढतो आणि सोडून देतो. गेल्या खेपेला तू सांगितलंस, तसंच."

कारकुनानं कागद चाळून ते अक्षर पाहिलं. सायमनकाका हसले. "ऐकलंत ना वहिनी? तुमचं आणि रावसाहेबांचं एकच!"

राव हसला नाही.

"पण एक फरक आहे. त्याचं नाव घेतलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. तो मरत नाही. माणूस मरतो. म्हणून माणसाचं नाव कुणीतरी घ्यावं लागतं. कुणीच घेतलं नाही, तर तो मेल्यावर कुठे राहणार?"

सायमनकाकांनी पहिली वाक्यं हसतहसत सांगितली होती. शेवटच्या वाक्यापाशी त्यांचा आवाज मंद झाला आणि ते स्वतःच आईकडे जरा निरखून बघू लागले.

आई हलली नाही. बाहेर कुणीतरी मालाच्या ट्रकचं फळकं पाडलं, मोठा आवाज झाला, तरी ती हलली नाही. ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती. मग तिनं श्वास घेतला. विहिरीतून भरलेली कळशी वर आल्यावर बाई जसा घेते, तसा.

"लिहा, रावसाहेब," ती म्हणाली.

कारकुनानं लेखणी उचलली.

"एलोजी."

चाल नव्हती. हेलकावा नव्हता. आधी खाडी नव्हती, शहाळं नव्हतं. नुसतं नाव, दगडावर दगड ठेवल्यासारखं.

"एलोजी सामाजी नागावकर. राहणार नागाव, तालुका अलिबाग."

माझ्या आईच्या तोंडून असं उघडं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कारकून लिहू लागला. तो अडखळला तशी तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, जणू तिला ते पुन्हापुन्हा म्हणायचंच होतं. "ए-लो-जी." रावनं मान डोलावली. "एलियाहू बेन शमुवेल," तेच नाव तो आपल्या भाषेत पुटपुटला आणि शिक्क्याची डबी जवळ ओढली.

सायमनकाकांनी मांडीवर थाप मारली. त्यांना इतकं मोकळं वाटलं की ते मराठीत, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं बोलले. "घ्या! झालं की नाही? किती छळलंत पोरीला, वहिनी! अहो, हेच मघाशी उखाण्यात घेतलं असतंत, तर गोडीगुलाबीनं झालं असतं सगळं!"

आईनं माझा हात हातात घेतला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटावर टेकल्या. तिनं सायमनकाकांकडे पाहिलं नाही, रावकडेही नाही. माझ्याकडेच बघत राहिली.

"उखाणा सवाष्णीनं घ्यायचा असतो, भावजी," ती म्हणाली. "मी कुठून घेऊ?"